सोमवारचं डोकं

“डोकं कुठं दुखतं?” मी विचारलं.

“माहं नाही दुखत जी.”

“सोमवारीसुद्धा नाही?”

“सोमवारी नाही, मंगळवारी नाही. माह्या नावापुढं भोपळा काढा तुम्ही,” दौलतभाऊ म्हणाले, आणि समोरच्या बाकावर ऐसपैस बसले. रांगेत मागे उभे असलेले दोघं-तिघं हसले.

कारखान्याच्या दवाखान्याची ओसरी होती ती. साल एकोणऐंशी, श्रावण चालू होता. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर, खाणींच्या पट्ट्यात आमचा कारखाना होता. कोळशाच्या आणि मँगनीजच्या खाणींना लागणारी सुरुंगाची दारू तिथं तयार व्हायची. मी रसायनशास्त्रात एम. एस्सी. करून नुकतीच तिथल्या प्रयोगशाळेत लागले होते. वय पंचवीस. चारशे माणसांत मी एकटी बाई, म्हणून सगळे मला ‘लॅबवाल्या बाई’ म्हणत.

माझ्यापुढं एक लांबट वही होती आणि तिच्यात मी स्वतः पट्टीनं आखलेले पाच रकाने होते. डोकं कुठं दुखतं, केव्हा दुखतं, कसं दुखतं, कशानं वाढतं, कशानं थांबतं.

हे काम मला नव्या मॅनेजरांनी, पुराणिक साहेबांनी दिलं होतं. ते सिमेंटच्या कारखान्यातून आले होते. आल्या आल्या त्यांनी हजेरीपट काढले, तर दर सोमवारी मिक्सिंग शेडमधली पंधरा-वीस माणसं डोकं धरून अर्ध्या पाळीत घरी गेलेली. मंगळवारी तीच माणसं ठणठणीत हजर.

“रविवारची उतरलेली नसते यांची, दुसरं काय!” साहेब म्हणाले होते. “नऊ जण तर दर सोमवारचे आहेत. त्यांना घरी पाठवणार आहे मी, कायमचं.”

“साहेब, तेलानं डोकं दुखतं,” मी म्हणाले होते. नायट्रोग्लिसरीनला कारखान्यात सगळे ‘तेल’च म्हणत. दिसायचंही तसंच, फिकट, गोडसर वासाचं. “त्याची वाफ श्वासातून जाते, कातडीतूनही शिरते. रक्तवाहिन्या सैल होतात. डोक्यातल्या झाल्या की ठणका लागतो.”

“मग मंगळवारी का नाही दुखत? मंगळवारी तेल बदलतं का?”

“शरीराला दोन दिवसांत सवय होते. रविवारी सुट्टी मिळाली की ती सवय मोडते.”

“हे पुस्तकातलं. मला माणूसवार दाखवा. कुणाचं तेलानं दुखतं, कुणाचं दारूनं, कुणाचं नुसतंच कामचुकारपणानं. दसऱ्यापर्यंत वेळ देतो.”

नऊ घरांच्या चुली माझ्या वहीवर होत्या, हे मला ठाऊक होतं. मी ते काम जीव लावून केलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंही.

डोकं दुखतं म्हणजे एकच काहीतरी दुखतं असं आपण समजतो. वही भरत गेली तसं मला कळलं की ‘डोकं’ हे नुसतं पत्त्यातलं गाव आहे, घरं निराळी. टायपिस्ट भुसारींचं डोकं दुपारी तीननंतर, मानेपासून वर चढत, पट्टा आवळल्यासारखं दुखायचं. त्यांची खुर्ची बुटकी होती आणि मशीन उंचावर. कंपाउंडर हेडाऊंच्या भुवयांवर दुखायचं, कारण बाटल्यांवरची बारीक अक्षरं ते चाळिशीशिवाय वाचत आणि चष्म्याला म्हातारपण म्हणत. पॅकिंगमधल्या एका पोराचं अर्धंच डोकं दुखायचं, आधी डोळ्यांपुढं नागमोडी उजेड यायचा, मग उलटी. ती अर्धशिशी. त्याची आई म्हणे मळवट भरलेल्या देवीला नवस बोलली होती; मी त्याला अंधाऱ्या खोलीत झोपायला सांगितलं. उन्हाचं डोकं होतं, उपाशीपोटीचं होतं. दारूचं होतंच, पण ते नऊ जणांपैकी दोघांचं.

आणि एक होतं ते सापडल्यावर मी मनातल्या मनात टाळी दिली होती. श्रावणी सोमवारचा कडक उपास धरणारे चौघं होते, चहासुद्धा न घेणारे. त्यांचं डोकं संध्याकाळी दुखायचं आणि मंगळवारी पहिल्या कपानं थांबायचं. पोट रिकामं हे कारण खरंच, पण शनिवारी उपास करणाऱ्या, चहा घेणाऱ्या दोघांचं दुखत नव्हतं. म्हणजे हे चहा न मिळाल्याचं डोकं. रोज एखादी वस्तू मिळत असली की शरीर तिला धरून आपली घडी बसवतं, आणि ती काढून घेतली की तक्रार करतं. हे वाक्य मी वहीच्या मागच्या पानावर लिहून खाली रेघ मारली होती.

त्यामुळं दौलतभाऊंचा भोपळा मला खटकला. दौलत सेलोकर, वय बावन्न, मिक्सिंगमध्ये तेवीस वर्षं. सगळ्यांत जास्त तेल त्यांच्याच हातांतून जायचं आणि त्यांचंच डोकं दुखत नव्हतं.

“कधीच दुखलं नाही?” मी विचारलं.

“लागलो तेव्हा दुखे. पहिलं वर्ष. डोकं हातात घेऊन आंब्याच्या बुडाशी पडून राहो मी. मंग राहिलं.”

“कशानं राहिलं?”

“देवाच्या कृपेनं.”

“देवाची कृपा कुठल्या रकान्यात लिहू?”

ते खळखळून हसले. त्यांनी टोपी काढून कपाळाचा घाम पुसला आणि टोपी माझ्या वहीशेजारी टेबलावर ठेवली. मी त्यांचं वय, पाळी, राहण्याचं गाव लिहीत होते. पाचेक मिनिटं गेली असतील. माझ्या कानशिलात एक ठोका पडला, मग दुसरा. मानेत ऊब चढली, आणि नाडीबरोबर सगळं कपाळ उडायला लागलं.

मी शेडमध्ये क्वचित जायची. मला सवय नव्हती. मी पेन खाली ठेवलं आणि टोपीकडं पाहिलं.

“दौलतभाऊ, टोपीत काय आहे?”

त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी मागे पाहिलं. रांगेतली माणसं एकाएकी आभाळ बघू लागली.

“हात नका लावू जी,” ते हळू म्हणाले. “तुमचं डोकं आणखी चढल.”

टोपीच्या घडीत बोटभर चिंधी होती. शनिवारी पाळी सुटताना ती तेलात जरा टेकवायची, घडीत सारायची, आणि रविवारभर टोपी डोक्यावर ठेवायची. म्हणजे शरीराची सवय मोडत नाही आणि सोमवारचं डोकं येत नाही. फाटकावर झडती व्हायची ती आत जाताना, काड्यापेटी आणि विडीची. बाहेर जाताना टोपी कोण बघणार? ही युक्ती त्यांनी एका जुन्या जाणत्या कामगाराकडून घेतली होती. त्याचा अंत्यविधी होऊनही बरीच वर्षं झाली होती. आता ती करणारे बाराजण होते.

“अहो, ती चिंधी घेऊन तुम्ही घरी चुलीपाशी बसता!”

“चुलीपाशी बायको बसते. मी ओट्यावर बसतो.”

“थट्टा नाही ही. कुणी चिंधी आपटली, कुणी जाळली तर?”

“तेवीस वर्षांत नाही जळली,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, “अन् बाई, आता सोडता येत नाही ना. मागं साळीच्या लग्नाला बालाघाटकडं गेलो. टोपी बायकोनं धुवायले टाकली. तिसऱ्या दिवशी छातीवर कोणी बसलं असं वाटे. इथं, मधात. परत येऊन शेडात शिरलो, तं घटकाभरात मोकळं. म्हणून मी...”

“छातीचं नाही हो,” मी म्हणाले. माझं कपाळ फुटत होतं आणि रांग लांब होती. “मी डोक्याचं विचारते आहे.”

“हो जी. तुमच्या कागदात छातीले जागा नाही,” ते म्हणाले, आणि पुन्हा हसले.

मी लिहिलं : डोकेदुखी नाही. कारण, टोपीतली चिंधी.

उठताना ते जरा घुटमळले.

“टोपीचं नका लिहू बाई. बाकी सगळं लिहा.”

“लिहावं लागेल, दौलतभाऊ. घरात लेकरं असतात.”

“लेकरं आहेत, हे खरं,” ते म्हणाले, आणि टोपी घालून गेले.

मी अहवाल दसऱ्याच्या आधी चार दिवस दिला. बावीस पानांचा. नवापैकी सात जणांचं डोकं तेलाचं होतं हे त्यात तारखांनिशी सिद्ध केलं होतं, आणि सर्वांत भक्कम पुरावा टोपीचाच होता : ज्यांची सवय रविवारी मोडत नाही, त्यांना सोमवारचं डोकं नाही. शेवटी मी चार सूचना केल्या होत्या. शेडमध्ये हवा खेचणारे पंखे बसवावेत, रबरी हातमोजे द्यावेत, मिक्सिंगच्या माणसांची पाळीपाळीनं बदली करावी, आणि टोप्या-चिंध्या फाटकाबाहेर जाऊ देऊ नयेत.

पुराणिक साहेबांनी अहवाल खरोखर वाचला. दोन ठिकाणी त्यांनी समासात ‘उत्तम’ लिहिलं होतं.

“मिस पांढरीपांडे, मी चुकलो होतो,” ते म्हणाले. “कुणाला काढत नाही. दारूवाल्या दोघांनाही समज देऊन ठेवतो. पण हे टोपीचं ऐकून मला घाम फुटला. एखादं घर उडालं असतं म्हणजे?”

नऊच्या नऊ माणसांची नोकरी राहिली. त्यातल्या एकाची बायको माझ्यासाठी डब्यात शेवया घेऊन आली.

पंखे पुढच्या वर्षीच्या खर्चात धरले गेले. हातमोजे मागवले गेले, ते आले नाहीत. बदल्यांना युनियनचा विरोध होता. चौथी सूचना दसऱ्यानंतरच्या पहिल्याच दिवशी अमलात आली. शेडच्या दाराशी पांढऱ्या टोप्यांचा गठ्ठा ठेवला, येताना घालायची, जाताना तिथंच काढायची, आणि बाहेरच्या वाटेवरही झडती सुरू झाली. त्या बाराजणांनी हूं का चूं केलं नाही. सुरक्षेचं होतं, बोलणार काय?

दुसऱ्या सोमवारी दौलतभाऊ मला दवाखान्याच्या ओसरीवर दिसले. आंब्याच्या बुडाशी पडून राहायचे दिवस त्यांना परत आले होते. डोळे लाल, कपाळाला फडकं बांधलेलं.

“लिहा बाई,” ते म्हणाले. “वीस-बावीस वर्षांनी आलं. पाव्हण्यासारखं.”

“कुठं दुखतं?”

“आता कुठं नाही ते विचारा.”

मी वही आणली आणि लिहून घेतलं. दोन्ही कानशिलं, ठोके, वाकल्यावर वाढतं. माझा सिद्धान्त समोर बसला होता आणि मी त्याच्या तोंडून पाचही रकाने भरून घेत होते. हेडाऊंनी त्यांना दोन गोळ्या दिल्या.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी, पाळी सुटायच्या आधी, ते प्रयोगशाळेच्या दाराशी आले. त्या वर्षी रविवार धरून चार दिवस कारखाना बंद राहणार होता. मी नमुन्यांच्या बाटल्या कपाटात लावत होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

“बाई, एक काम होतं.”

“बोला ना.”

“चार दिवस सुट्टी आहे. चिंधीभर द्या. तुमच्यापाशी नमुना असते. बोटभर चिंधी, फक्त टेकवून. घरात नाही नेत मी, गोठ्यात टांगून ठेवतो.”

मला खरंच राग आला. “दौलतभाऊ! दिवाळीत? घरोघर फुलबाज्या उडताहेत, आणि मी तुम्हाला तेलाची चिंधी देऊ? तुम्ही शहाणे ना या कारखान्यातले?”

“हो जी. पण...”

“हेडाऊंना सांगते, गोळ्यांचं पाकीटच देतील. सोमवारी नाही, पुढच्या गुरुवारी येईल ते डोकं. आल्या आल्या एक गोळी घ्या.”

“डोक्यासाठी नाही पायजे जी,” ते म्हणाले.

मी हातातली बाटली कपाटात ठेवली. तिची चिठ्ठी पुढं वळवली. पुढची बाटली उचलली.

त्यावर ‘मग कशासाठी?’ एवढंच विचारायचं होतं. दोन शब्द. मी ते का विचारले नाहीत याची उत्तरं मी इतक्या वर्षांत पुष्कळ शोधली, आणि ती सगळी बरोबर आहेत. मला साडेपाचची बस धरायची होती. मला वाटलं, जुनी सवय सुटत नाही म्हणून माणूस गयावया करतो आहे, दारूड्यानं करावी तशी. मला वाटलं, मी सांगितलेलं त्यांच्या भल्याचं आहे. पण त्या वेळी त्यांचा उजवा हात छातीच्या मधोमध पालथा ठेवलेला होता, आणि तो मला दिसला होता.

“दिवाळी नीट करा,” मी म्हणाले.

“तुमचीही होवो बाई,” ते म्हणाले, आणि चपला घालून गेले.

गुरुवारी कारखाना उघडला. फाटकाशी हेडाऊ उभे होते. ते माझीच वाट पाहत असावेत.

“दौलत गेला,” ते म्हणाले. “पाडव्याच्या दिवशी. विहिरीवरून पाण्याचा हंडा घेऊन येत होता. ओट्याशी टेकला तो टेकलाच. बावन्न म्हणजे काही वय आहे का, बाप्पा! सर्दी नाही, ताप नाही. डॉक्टर म्हणे हृदय बंद पडलं. अरे, बंद पडलं ते आम्हालेही दिसते, पडलं काहून ते सांग!”

मी प्रयोगशाळेत जाऊन बसले. वही कपाटात होती. ती मी काढली नाही. मागच्या पानावर काय लिहिलं आहे हे मला तोंडपाठ होतं. रोज एखादी वस्तू मिळत असली की शरीर तिला धरून आपली घडी बसवतं. मी ते डोक्याबद्दल लिहिलं होतं. रक्तवाहिन्या मात्र फक्त डोक्यात नसतात. हे मला शाळेपासून ठाऊक होतं.

शुक्रवारी रजा टाकून मी नागपूरला गेले, मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात. दुपारभर जुने, बांधलेले अंक चाळले. तीनच्या सुमारास सापडलं. परदेशातल्या सुरुंगाच्या दारूच्या कारखान्यांमधली निरीक्षणं होती. वर्षानुवर्षं तेलात काम केलेली माणसं. आठवडाभर ठीक. सुट्टीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छातीत दुखतं, कामावर परतताच थांबतं. त्यातली काही सुट्टीतच अचानक दगावलेली. तेलानं सैल राहायची सवय झालेल्या हृदयाच्या नळ्या, तेल थांबलं की आवळून बसतात. दौलतभाऊंनी बालाघाटच्या लग्नाचं सांगितलं होतं ते, जवळपास त्याच शब्दांत, छापलेलं होतं.

मी ते हातानं उतरवून घेतलं. अक्षर नेहमीसारखं आलं, त्याचं मला तेव्हाही नवल वाटलं.

अकराजण उरले होते. शनिवारी सकाळी साडेआठला मी पुराणिक साहेबांच्या खोलीत होते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. या अकराजणांची हृदयाची तपासणी आजच्या आज झाली पाहिजे, त्यांचं तेल एकदम तोडता कामा नये, त्यांना हळूहळू शेडमधून बाहेर काढलं पाहिजे, आणि तोवर सुट्टीच्या दिवशीही ते डॉक्टरांच्या नजरेखाली हवेत.

साहेबांनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी चष्मा काढला.

“म्हणजे सेलोकर...”

“हो.”

“आपण टोप्या काढल्या म्हणून.”

“हो.”

बाहेर पाळीचा भोंगा झाला.

“आपल्याला हे कळायला काही मार्ग होता का?” त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज मॅनेजरचा नव्हता. “त्यानं कुणाला सांगितलं होतं का छातीचं? हेडाऊला? तुम्हाला? तुम्ही तर प्रत्येकाशी बोलला होता.”

तो प्रश्न त्यांनी मला अडकवायला विचारला नव्हता. त्यांनाही रात्री झोप लागावी असं उत्तर हवं होतं.

“नाही,” मी म्हणाले. “डोक्याशिवाय कुणी काही बोललं नाही.”

“मग तुम्ही तरी काय करणार,” ते म्हणाले, आणि फोन उचलला.

त्याच दिवशी अकराजणांना गाडीनं नागपूरला नेलं. तिघांच्या हृदयाच्या आलेखात गडबड निघाली. त्यातला एक, उईके नावाचा, अगदी काठावर होता असं डॉक्टर म्हणाले. आणखी एखादी लांब सुट्टी त्याला झेपली नसती. पुढं महिनाभरात पंखे आले, हातमोजे आले, बदल्यांना युनियनही तयार झाली. मुख्य कचेरीतून मला पत्र आलं. ‘आपल्या चौकस बुद्धीमुळे प्राण वाचले’ असं त्यात एक वाक्य होतं. ते कारखान्याच्या फलकावर लावलं गेलं. मी त्या फलकासमोरून न जाता मागच्या वाटेनं प्रयोगशाळेत जायला लागले. लोकांना तो माझा विनय वाटला.

तेराव्याला मी दौलतभाऊंच्या गावी गेले. हेडाऊ बरोबर येणार होते, पण ऐन वेळी त्यांना पाळी लागली. बस फाट्यावर सोडून गेली, पुढं मैलभर धानाच्या बांधावरून चालायचं. जेवणाच्या पंगती उठल्या होत्या. मांडवात दोन म्हातारे सुपारी कातरत होते.

अनुसयाबाई, दौलतभाऊंची बायको, आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी कधीच त्यांना पाहिलं नव्हतं. सावळ्या, हाडापेरानं मजबूत, चेहऱ्यावर देवीचे वण. मी नाव सांगताच त्यांनी हातानं शेजारची चटई झटकली.

“लॅबवाल्या बाई तुम्ही? बसा न जी. लय सांगत ते तुमचं. म्हणत, बाईच्या वहीत माह्या नावापुढं भोपळा आहे.” त्या किंचित हसल्या आणि तोंडाला पदर लावला.

सुनेनं काळा चहा आणून ठेवला. मी सगळं ठरवून आले होते. बसमध्ये वाक्यं जुळवली होती, सोप्या शब्दांत, तेल म्हणजे काय, टोपी म्हणजे काय, मी काय केलं, मी काय ऐकलं नाही.

“एक विचारू का बाई?” त्या म्हणाल्या. “तुम्ही शिकलेल्या. पाण्याच्या हंड्यानं माणूस मरते का?”

“नाही हो.”

“त्या दिवशी पाहुणे होते घरात. माही नणंद, तिची लेकरं. आंघोळीले पाणी पुरेना. मी म्हटलं, दोन हंडे आणून द्या. तं म्हणे, अनुसया, छाती भरून आली, जरा बसतो. मी म्हटलं...” त्या थांबल्या. मांडवातला अडकित्ता वाजत होता. “मी म्हटलं, कामाच्याच टायमाले बरी येते तुमची छाती भरून. उठले. हंडा घेतला अन् गेले.”

“अनुसयाबाई, तुमच्या बोलण्यानं नाही झालं ते,” मी म्हणाले. “हंड्यानंही नाही.”

“मंग कशानं?”

आता ते वाक्य यायला हवं होतं. ते तोंडापर्यंत आलंही. मी चहाच्या पेल्याभोवती बोटं गुंडाळून बसले.

“सांगता येत नाही,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. रागानं नाही. बुडणाऱ्या माणसानं काठ पाहावा तसं.

“तुमच्यापाशी ते बसत, बोलत. सारं लिहून घेत होत्या म्हणे तुम्ही, काय दुखते, कुठं दुखते. तुमच्यापाशी कधी बोलले का जी? छातीचं?”

एकच शब्द होता. साहेबांपुढं मी तो एकदा बोललेच होते. दुसऱ्यांदा तो सोपा जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

“नाही,” मी म्हणाले.

अनुसयाबाईंनी मान हलवली, हळूहळू, जणू एखादा हिशेब त्यांच्या मनासारखा जुळला होता.

“मंग माह्यापाशीच बोलले,” त्या म्हणाल्या. “साऱ्या जगात एकट्या माह्यापाशी. अन् मी त्यायले हंडा दिला.”

मी चहा संपवला. त्यांच्या पाया पडले तर त्यांनी मला अर्ध्यातच धरलं, वर उठवलं, आणि सुनेला सांगितलं की बाईला फाट्यापर्यंत सोडून ये, बांधावर चिखल आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मी ती नोकरी सोडली. नाशिकला कॉलेजात शिकवायला लागले. लग्न झालं, मुलगी झाली. हेडाऊ दर दिवाळीला कार्ड पाठवत आणि त्यात चार ओळी गावच्या असत. उईके आजोबा झाला. साहेब निवृत्त होऊन पुण्याला गेले. दौलतच्या घरचीनं देवाधर्माचं सोडलं, सणाला गोड करत नाही, म्हणते मला शोभत नाही. सत्त्याण्णवच्या कार्डात लिहिलं होतं की ती गेली.

म्हणजे अठरा वर्षं. नाशिकहून त्या गावाला पत्र पोचायला तीन दिवस लागत.